भिवंडीच्या वाघिणी आणि गोल शिक्का

सर्वप्रथम एक गोष्ट नमूद करतो, की राकेश साळवे या गृहस्थांबद्दल माझ्या मनात तिळमात्र आकस नाही. ते आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक आहेत, मी त्याच शाळेत वरिष्ठ लिपिक आहे, आणि गेली एकोणतीस वर्षं माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय या शाळेतला एकही कागद हललेला नाही. असा माणूस कुणावर कशाला जळेल? पण एखाद्या माणसावर चित्रपट निघतो, त्यात त्याचं काम त्याच्यापेक्षा फूटभर उंच नट करतो आणि धामणकर नाक्यावर त्याचं पोस्टर लागतं, तेव्हा त्या चित्रपटाकडे तटस्थपणे पाहणं हे त्याच्या कार्यालयीन सहकाऱ्याचं कर्तव्य ठरतं. मी कर्तव्य केलं. त्यातून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही, निदान सगळ्याला नाही.

चित्रपटाचं नाव 'भिवंडीच्या वाघिणी'. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या मुलींचा कबड्डीचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, त्याची ही कथा. मुलींनी वळ गावातल्या एका रिकाम्या गोदामात सराव केला, लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, चिंध्या पोत्यांत कोंबून त्यांची गादी केली, हे सगळं खरं आहे. राकेश सर त्यांना पहाटे साडेपाचला पळवायचे हेही खरं आहे. मी त्या वेळी झोपलेला असे, पण तसं ऐकून आहे. मात्र या सगळ्या कथेतला सर्वांत थरारक प्रसंग कोणता, असं मला कुणी विचारलं असतं तर मी एका क्षणात सांगितलं असतं. मला कुणी विचारलं नाही.

तो प्रसंग म्हणजे गोल शिक्का. शाळेच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शाळेत शिक्के अनेक असतात. आवक-जावकचा असतो, मुख्याध्यापिका बाईंच्या नावाचा लांबट असतो. पण मधोमध समई आणि भोवती शाळेचं नाव असलेला गोल शिक्का एकच. फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा तो उठला, की फोटोतली मुलगी ती मुलगी ठरते. नाहीतर ती कुणीही असू शकते. २००९ साली बाहेरच्या एका इसमाने कपाटातून हा शिक्का लांबवून स्वतःला दहावी पास करून घेतलं होतं. तेव्हापासून तो शिक्का मी शर्टाच्या खिशात घालून रोज घरी नेतो आणि रोज परत आणतो. रविवारी तो देव्हाऱ्यात असतो. कौसल्या, म्हणजे माझी पत्नी, त्याला चुकून हळदकुंकूही वाहते.

तर त्या डिसेंबरात ठाण्याच्या मैदानावर आमच्या बारा मुलींचे प्रवेश अर्ज पोचले. फोटो होते, बाईंची सही होती, गोल शिक्का नव्हता. नोंदणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी संघ उतरवायला साफ नकार दिला. मी त्या दिवशी किरकोळ रजेवर होतो. सकाळी साडेनऊला फोन वाजला, पलीकडे मदीहा होती. मदीहा म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या मोहिउद्दीनभाईंची मुलगी, संघाची कर्णधार. "काका, आम्हाला खेळू देत नाहीत," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी पायजम्यात होतो. शिक्का घेऊन तसाच स्कूटरवर बसलो. अंजूरफाट्याला कंटेनर, कालहेरला कंटेनर, कशेळीच्या पुलावर तर कंटेनरमागे कंटेनर. फुटपाथवरून, गटारावरून, एका ठिकाणी चहाच्या टपरीच्या आतून स्कूटर काढली आणि चाळीस मिनिटांत मैदान गाठलं. स्कूटरच्या सीटवर अर्ज ठेवून बारा ठसे मारले. मुली खेळल्या. अंतिम सामन्यात दोन गुणांनी हरल्या, पण खेळल्या. मुळात अर्जांवर शिक्का का नव्हता, हा मुद्दा इथे गौण आहे.

चित्रपट लागल्यावर पहिल्याच रविवारी मी बिल्डिंगमधली अकरा माणसं घेऊन गेलो. खालच्या मजल्यावरची सोनल होती, मोहिउद्दीनभाई होते, त्यांच्या बेगम सुरैयाभाभी होत्या. निघताना जिन्यातच मी सगळ्यांना प्रसंग नीट समजावून सांगितला, म्हणजे ऐन वेळी कुणी बाहेर समोसा आणायला जाऊ नये. माझं काम कोण करतंय याची मला उत्सुकता होती. फार गोरा नट घेतला नसला म्हणजे झालं, असं मी नम्रपणे म्हणालोही.

मध्यंतर झालं, सराव संपला, मुली टेम्पोत बसल्या. मी शर्टाची कॉलर नीट केली. टेम्पो निघाला, संगीत सुरू झालं, टेम्पो मैदानावर पोचला, आणि शिट्टी वाजली. खेळ सुरू! अर्ज नाही, टेबल नाही, पूल नाही. माझ्या आयुष्यातली ती चाळीस मिनिटं कुणीतरी कात्रीने कापून घेतल्यासारखी गायब होती. रांगेतली अकरा तोंडं अंधारात माझ्याकडे वळलेली मला स्पष्ट जाणवली.

"अवं, तुमी कवा येनार?" कौसल्याने विचारलं.

"येईन," मी म्हणालो.

"आता तं संपत आला."

"शेवटी दाखवतील. नावं येतात तेव्हा."

नावं आली. त्यात टेम्पोवाल्याचं होतं, गोदामाच्या मालकाचं होतं, गोदामातल्या कुत्र्याचंही होतं. बाहेर पडताना सोनल म्हणाली, "काका, तुमचा सीन बहुतेक सेन्सॉरने कापला असेल." तिने हे माझं मन राखायला म्हटलं, हे कळत असल्यामुळे मला जास्तच लागलं.

त्याच दिवशी मी ठरवलं, की या चित्रपटाचं परीक्षण लिहायचं. बलस्थाने आणि मर्यादा, दोन्ही. रागाने नाही, शांतपणे. पुढचे दोन रविवार मी फुलस्केप कागद घेऊन बसलो. वर उजवीकडे दिनांक घातला, खाली विषय, त्याखाली संदर्भ (तिकीट क्रमांक), आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात केली.

लिहायला बसल्यावर कळलं, की बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला त्या चित्रपटाबद्दल काही ना काही म्हणायचं आहे. मोहिउद्दीनभाई खुर्ची ओढून बसले. त्यांचे आठ लूम आहेत, बोलताना अजूनही लूमच्या आवाजावर बोलल्यासारखं मोठ्याने बोलतात. "भोईरसाहब, पिक्चर एक नंबर हाय, पण आमच्यावर जुलूम केला त्यांनी. पोरीला खेळू न देणारा बाप दाखवला. दरवाजा बंद करतो काय, मेडल फेकतो काय! अरे, बूट मी आणले तिला. मॅचच्या दिवशी मी लूमवर सुताचा बीम चढवत होतो कारखान्यात, हात सोडता येईना, म्हणून गेलो नाय. आता मोहल्ल्यात सगळे विचारतात, क्यों मोहिउद्दीन, बेटी को मारता था क्या?"

हा मुद्दा मी तत्काळ घेतला. मदीहा आता कॉलेजात आहे. ती चहा घेऊन आली, तेव्हा मी तिला विचारलं, की चित्रपटात तुम्हाला जिंकवलं, हे तुला चाललं का? खोटंच ना ते?

"काका, हरलेलं आम्ही बघितलंय की," ती म्हणाली. "परत कशाला बघायचं?"

हा मुद्दा मी घेतला नाही.

बलस्थाने लिहिताना पेन जड झालं, पण मी न्यायाने वागलो. मुलगी गादीवर आपटते तो आवाज खरा आहे, असं लिहिलं. चढाईला गेलेल्या मुलीचा श्वास संपत येतो, तेव्हा आपणही श्वास धरून बसतो, हेही लिहिलं. तिसरं वाक्य असं होतं : 'हा चित्रपट पाहताना डोळ्यांत पाणी येते, परंतु ते मुख्यतः चित्रपटगृहातील एसीमुळे असावे.' शास्त्रीय सावधगिरी म्हणून 'असावे' असं लिहिलं.

मर्यादा अकरा भरल्या. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची असते. चित्रपटातली शेवटची चढाई माझ्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं दहा सेकंद चालते, तेवढ्या वेळात पंचांनी बायकामुलांसह येऊन मुलीला बाद केलं असतं. सामना डिसेंबरातला, पाऊस मात्र धो धो. राकेश सरांना मी सलग तीन वाक्यं बोलताना ऐकलेलं नाही, पडद्यावरचे सर मुलींसमोर सात मिनिटं न थांबता बोलतात आणि मागे सनई वाजते. मुलींना परीक्षा नाही, गृहपाठ नाही, आणि शाळेला घंटा, झाड, कुत्रा सगळं असून कार्यालयच नाही. मुद्दा क्रमांक सहा तर माझा विशेष आवडता होता : 'खलनायक अत्यंत दुबळा आहे. ठाण्याच्या शाळेतील मुली नाके मुरडताना दाखविल्या आहेत. प्रत्यक्षात त्यांनी आमच्या मुलींना केळी दिली होती. संघाच्या वाटेतील खरा अडथळा कोण, हे दिग्दर्शिकेस सापडलेलेच नाही.' सात ते अकरा हे पाचही मुद्दे गोल शिक्क्याचे होते. शेवटी मी चित्रपटाला शंभरपैकी चौतीस गुण दिले, म्हणजे एका गुणाने नापास.

कौसल्याने सगळं ऐकून घेतलं. ती फरशी पुसत होती. पुसायला तिने चार वर्षांपूर्वी माझा एक क्रीम रंगाचा शर्ट काढलेला आहे. तिने तो माझ्यासमोर बादलीत बुचकळला, पिळला आणि म्हणाली, "शिक्क्याचं पाच येळा लिवलाव. या शर्टाचं न्हाय लिवलाव?"

त्या शर्टाच्या खिशावर जांभळ्या शाईचा गोल डाग आहे. हाही मुद्दा गौण आहे.

परीक्षण छापायचं, तर शाळेची परवानगी लागते. आमच्याकडे कर्मचाऱ्याने बाहेर काही लिहायचं असेल, तर रीतसर अर्ज करावा लागतो आणि तो कार्यालयामार्फत जातो. कार्यालय म्हणजे मी. अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्याला परीक्षणाची सत्यप्रत जोडलेली नाही. नियम तो नियम. मी तो शेरा मारून मला परत केला. दुसऱ्यांदा आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. तिसऱ्यांदा सगळं जुळलं, बाईंनी न वाचता सही केली आणि ना हरकत प्रमाणपत्रावर मी स्वतःच्या हाताने गोल शिक्का उठवला. एवढ्या दिरंगाईबद्दल माझ्या मनात कार्यालयाविषयी थोडी अढी बसलीच.

'साप्ताहिक कामवारी वार्ता'चे संपादक विठू तरे माझे जुने विद्यार्थी, म्हणजे मी त्यांचा दाखला काढून दिला होता. त्यांनी कागद तोलून पाहिले. "सर, लई दमदार. टाकतो," म्हणाले.

त्यांनी टाकलं. पान तीनवर, माझ्या पासपोर्ट फोटोसह. पण त्याच पानावर खाली चित्रपटाची अर्धा पान जाहिरात होती, त्यामुळे जागा आणि मन दोन्ही कमी पडलं असावं. मर्यादा अकराच्या अकरा गेल्या. बलस्थाने राहिली, आणि त्यातलंही तिसरं वाक्य स्वल्पविरामापाशी कापून ठळक टाइपात मथळा केला होता : 'हा चित्रपट पाहताना डोळ्यांत पाणी येते – पंढरीनाथ भोईर.'

मी विठूला फोन केला. तो म्हणाला, "सर, लोकांना तुमचं लई आवडलंय." आठवड्याने धामणकर नाक्यावरचं पोस्टर बदललं. राकेश सरांच्या नटाच्या उघड्या दंडाखाली आता माझं वाक्य होतं, खाली माझं नाव. राकेश सर पेढे घेऊन कार्यालयात आले. "भोईरसाहेब," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना नेहमीप्रमाणे सुचलं नाही. पेढे ठेवून ते गेले. पेढे उत्तम होते, हीसुद्धा मला त्यांची एक कुरघोडीच वाटली.

आता गप्प बसणं म्हणजे खोट्या कागदावर सही करण्यासारखं होतं. मी संपूर्ण परीक्षण, अकरा मर्यादांसह, दिग्दर्शिकेला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावतीसह. प्रत्येक पानावर गोल शिक्का.

दिग्दर्शिकेचं नाव दिपाली. मला वाटलं होतं वकिलाची नोटीस येईल. आला तो तिचा फोन, आणि ती इतकी खूश होती की मला बोलायलाच मिळेना. "सर, चाळीस मिनिटं! पायजमा! टपरीतून स्कूटर! हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही! साळवे सरांकडे मी तीन महिने बसले होते, एक शब्द बोलले नाहीत तुमच्याबद्दल."

एक शब्द बोलले नाहीत. मी फोन ठेवला. म्हणजे दिग्दर्शिकेचा दोष नव्हता, सेन्सॉरचाही नव्हता. त्या माणसाने मला मुद्दाम वगळलं होतं. आतापर्यंत मला त्यांचा हेवा वाटत होता (पहिल्या वाक्यात मी जे नमूद केलं ते कृपया रद्द समजावं), आता तो हेवा करण्याचा माझा हक्क आहे असंही वाटायला लागलं.

दिपालीने सुचवलं, की शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांना मंचावर घेऊ, खऱ्या सरांना, खऱ्या कर्णधाराला आणि तुम्हाला. तुमची गोष्ट तुमच्या तोंडून सगळ्यांसमोर येऊ दे. मी जॅकेट शिवायला टाकलं.

स्नेहसंमेलनाला पटांगण गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत मोहिउद्दीनभाई आणि सुरैयाभाभी, त्यांच्या शेजारी कौसल्या. मंचावर मधोमध राकेश सर, अंग चोरून बसलेले. मदीहा त्यांच्या उजवीकडे, मी डावीकडे. दिपालीने माईक माझ्या हातात दिला, आणि मी बोललो. अंजूरफाटा बोललो, कालहेर बोललो. कशेळीच्या पुलावर तर मी पोरांना असं अडकवून ठेवलं, की पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. बारा ठसे मी एकेक करून मारले. बाराव्याला सगळं पटांगण माझ्याबरोबर "बारा!" म्हणालं. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या माझ्या होत्या, पूर्णपणे माझ्या, आणि मी तिरप्या नजरेने पाहिलं तर राकेश सरही वाजवत होते.

तेवढ्यात मदीहाने माईक घेतला. तिच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. ती हसत होती. "काका, एक राहिलं. अर्ज तर आधीच तयार होते. मग शिक्का आधी का नव्हता मारलेला?"

पटांगण उत्तराची वाट बघू लागलं. मी तोंड उघडलं. 'हा मुद्दा गौण आहे' हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर पडायला तयार होईना. समोर कौसल्या पदराशी चाळा करत बसली होती.

राकेश सर उठले. त्यांनी मदीहाच्या हातून माईक घेतला. "चूक माझी होती," ते म्हणाले. "मी घाईत अर्ज उचलून नेले. शिक्क्यासाठी थांबलो नाही. भोईरसाहेब होते म्हणून निभावलं." सलग चार वाक्यं!

आणि पटांगणात काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! चूक कबूल करणारा गुरू. बाई डोळे पुसत होत्या. दिपाली छातीवर हात ठेवून उभी. माझ्या बारा ठशांना मिळाल्या त्याच्या दुप्पट टाळ्या या माणसाने एका खोट्या चुकीवर मिळवल्या. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत निखालस माझ्या मालकीची अशी एकच मोठी चूक होती, आणि तीही हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत घेऊन चालला होता.

मी माईक अक्षरशः हिसकावला. "खोटं बोलतायत ते!" मी ओरडलो. "चूक माझी आहे! यांची नाही, माझी!"

मग थांबता आलं नाही. त्या वर्षी शाळेच्या जिन्यात 'शाळेची शान' असा फलक रंगवला होता, त्यात राकेश सरांचं नाव होतं, चार वर्षांच्या नोकरीत. माझं नव्हतं. रोज चढता-उतरता ते नाव मला दिसायचं. स्पर्धेच्या दोन दिवस आधी सर अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी म्हणालो, शिक्का घरी राहिलाय, उद्या या. दुसऱ्या दिवशी ते आले, तर मी रजेवर. स्पर्धेच्या दिवशीही रजा मीच वाढवली होती. "आणि शिक्का घरी नव्हता," मी म्हणालो. "माझ्या खिशात होता. 'घरी राहिलाय' म्हणत होतो तेव्हा त्याची शाई पाझरून खिशावर उठली होती. हा एवढा गोल. यांनी तो पाहिला. बघून म्हणाले, बरं, उद्या येतो."

मागे कुठेतरी चालू असलेल्या लूमचा खडखडाट आता स्पष्ट ऐकू येत होता. राकेश सर मान खाली घालून बसले होते, जसा काही डाग त्यांच्याच शर्टावर होता. तीन महिने दिग्दर्शिकेसमोर बसून या माणसाने माझं नाव का घेतलं नव्हतं, ते मला त्या वेळी कळलं. स्कूटर सांगायची, तर खिसाही सांगावा लागला असता.

पहिली टाळी कौसल्याने वाजवली, ती बहुधा शर्टाला उद्देशून होती. मग सगळं पटांगण उठलं. पण ते माझ्यासाठी नव्हतं. सगळे राकेश सरांकडे बघून वाजवत होते, चार वर्षं गप्प राहिल्याबद्दल. दिपाली माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "सर, तुमचा मुद्दा क्रमांक सहा अगदी बरोबर होता. खलनायक आमच्याकडे होता आणि आम्ही उगाच ठाण्याच्या मुलींना त्रास दिला."

मोहिउद्दीनभाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते पहिल्या रांगेत हात गुडघ्यावर ठेवून माझ्याकडे बघत बसले होते. चोवीस वर्षांचा शेजार, ईदला खीर त्यांच्याकडून, दिवाळीला करंज्या आमच्याकडून. त्यांची पोरगी त्या मैदानावर रडत होती आणि शिक्का माझ्यापाशी होता, हे ते बहुतेक मनातल्या मनात पुन्हा जुळवून बघत होते. मला त्या नजरेपेक्षा अकरा मर्यादा परवडल्या असत्या. मी खाली बघितलं.

कार्यक्रम आटपला, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली. मी मंचामागे जॅकेटची बटणं काढत उभा होतो. मदीहा आली. तिच्या हातात पिशवी होती आणि चेहरा घट्ट होता. राकेश सर तिच्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून.

"काका, मी लई रडले होते त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "ऐकलं होतं मी."

"तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, काका किती चांगले."

तिने पिशवीतून एक कागद काढला. विद्यापीठाच्या संघाच्या निवडीचा अर्ज होता. शाळेकडून खेळल्याचा दाखला जोडलेला, फोटो चिकटवलेला, त्यावर बाईंची सही ओली होती.

"याच्यावर पण लागेल," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "उद्या येऊ?"

"उद्या कशाला?" मी म्हणालो.

खिशात हात घातला. शिक्का होता. स्टँप पॅड जॅकेटच्या दुसऱ्या खिशात होतं, कारण सन्मानपत्रांवर ठसा लागेल म्हणून मी ते आणलं होतं. मी कागद मंचाच्या कडेवर ठेवला, फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का धरला आणि दाबला. समई स्वच्छ उठली. इतका सुंदर ठसा मी एकोणतीस वर्षांत मारलेला नव्हता. शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घालायला मी वाकलो, तर राकेश सर आधीच वाकून फुंकर घालत होते.